कॅलिफोर्नियाची ‘ड्रॉप’ सेवा : न्यायाधीशांना मिळणारे संरक्षण आपल्याला किती मिळते?

घरचा पत्ता, फोन नंबर, जन्मतारीख आणि नातेवाइकांची नावे गोळा करून विकणाऱ्या कंपन्यांना आपली माहिती पुसून टाकायला सांगता यावे, यासाठी कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२६ रोजी ‘ड्रॉप’ नावाची मोफत सरकारी सेवा सुरू केली. राज्याची गोपनीयता संस्था ‘कॅलप्रायव्हसी’ ती चालवते. एकच अर्ज भरला की राज्याकडे नोंदणी केलेल्या पाचशेहून अधिक डेटा ब्रोकरांसाठी, म्हणजे माहितीच्या दलालांसाठी, मागणी तयार होते आणि त्यांनी या मागण्या १ ऑगस्ट २०२६ पासून उचलायच्या आहेत. त्यामुळे या परीक्षणात अर्जाची रचना, त्यामागचे नियम आणि सेवेची पोच यांचाच विचार आहे. प्रत्यक्ष पुसलेल्या नोंदींचा हिशेब पुढे करावा लागेल.

माझे मत आधीच सांगते. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाने हा अर्ज भरावा, कारण तो भरण्यात तोटा काहीच नाही. मात्र न्यायाधीश, पोलीस आणि लोकप्रतिनिधी यांच्या खासगी माहितीसाठी अमेरिकेत गेल्या काही वर्षांत जे कायदे झाले किंवा मांडले गेले, त्यांच्या तोडीचे संरक्षण यातून मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. दोन्हींमधला खरा फरक सरकारी दफ्तरात नोंदलेल्या घराच्या पत्त्याचा आहे, आणि नेमका तोच पत्ता सगळ्यांत धोक्याचा असतो.

हा फरक समजून घ्यायचा तर न्यू जर्सीपासून सुरुवात करावी लागते. १९ जुलै २०२० रोजी नॉर्थ ब्रन्सविक येथे संघीय न्यायाधीश एस्थर सालास यांच्या घरी कुरिअरवाल्याच्या वेशात एक वकील आला. त्याचा एक खटला पूर्वी सालास यांच्यापुढे होता. त्याने केलेल्या गोळीबारात सालास यांचा वीस वर्षांचा एकुलता मुलगा डॅनियल मरण पावला आणि पती मार्क गंभीर जखमी झाले. हल्लेखोराने या कुटुंबाची माहिती, घराच्या पत्त्यासह, इंटरनेटवरून जमवली होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये गव्हर्नर फिल मर्फी यांनी सही केलेला कायदा ‘डॅनियल्स लॉ’ या नावाने ओळखला जातो. आजी-माजी न्यायाधीश, सरकारी वकील, पोलीस आणि त्यांच्यासोबत एकाच घरात राहणारे जवळचे कुटुंबीय यांनी लेखी मागणी केली, की घराचा पत्ता आणि यादीत नसलेला फोन नंबर कामकाजाच्या दहा दिवसांत काढावा लागतो. तो न काढल्यास प्रत्येक उल्लंघनामागे किमान एक हजार डॉलर भरपाई मागता येते. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये डॅनियलच्याच नावाने संघीय न्यायाधीशांसाठी देशपातळीवरचा कायदा झाला आणि त्यात मागणीनंतरची मुदत ७२ तासांची ठेवली गेली.

या मुदती लक्षात ठेवून ‘ड्रॉप’कडे पाहावे. इथे ब्रोकराने दर ४५ दिवसांनी मागण्यांची यादी उतरवून घ्यायची असते आणि ती हाताळून काय केले हे कळवायला त्याला ९० दिवसांपर्यंतचा अवधी असतो. न्यायाधीशाला तासांचा हिशेब आणि नागरिकाला महिन्यांचा, हे एकदम खटकते. पण माझ्या मते हा भेद समर्थनीय आहे, कारण निकाल लागला त्याच संध्याकाळी चिडलेला पक्षकार दाराशी येण्याची भीती सामान्य माणसाला सहसा नसते. शिवाय ‘ड्रॉप’ची मागणी एकदा नोंदवली की कायम चालू राहते, ब्रोकराने तीच माहिती पुन्हा गोळा केली तर ती पुन्हा पुसण्याचे बंधन त्याच्यावर असते. मागणी न पाळणाऱ्या ब्रोकराला प्रत्येक मागणीमागे दररोज २०० डॉलर दंड होऊ शकतो. सिनेटर जॉश बेकर यांनी मांडलेल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ‘डिलीट अ‍ॅक्ट’मधली ही तरतूद मला सर्वांत दमदार वाटते, कारण ती नागरिकाला वकील लावायला भाग पाडत नाही.

अर्जाची मांडणी सुटसुटीत आहे. आपण कॅलिफोर्नियाचे रहिवासी आहोत हे आधी राज्याच्या ओळख-पडताळणीतून किंवा ‘लॉगिन डॉट गव्ह’मधून सिद्ध करायचे. त्यानंतर नाव, जन्मतारीख, पिन कोड, ईमेल आणि फोन नंबर द्यायचे. इच्छा असल्यास मोबाइलचा जाहिरात-क्रमांक, स्मार्ट टीव्हीचा ओळख-क्रमांक आणि गाडीचा चासी क्रमांकही देता येतो. सोशल सिक्युरिटी क्रमांक मागितला जात नाही. शेवटी एक ‘ड्रॉप’ क्रमांक मिळतो आणि त्यावरून प्रत्येक ब्रोकराने काय उत्तर दिले हे नंतर पाहता येते. माहिती पुसवून घेण्यासाठी आधी माहितीच द्यावी लागते, ही तक्रार आमच्या मंडळातल्या ज्येष्ठांकडून मी ऐकली आहे. तिच्यात तथ्य आहे, पण ब्रोकरांकडे ही यादी उघड अक्षरांत जात नाही. ती सांकेतिक रूपात जाते आणि ज्याच्याकडे तीच माहिती आधीपासून आहे त्यालाच ती जुळवता येते.

मराठी माणसाने जपून भरावा असा भाग याच जुळवणीत आहे. सांकेतिक रूपातली जुळवणी तंतोतंत असावी लागते, आणि आपल्या नावांची तऱ्हा अमेरिकी दफ्तरांना कधीच नीट झेपलेली नाही. पारपत्रावर मधले नाव वडिलांचे असते, लग्नानंतर काही स्त्रियांचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलते, बँकेत एक स्पेलिंग असते तर वाहन परवान्यावर दुसरे. एखाद्या गृहिणीची माहेरच्या नावाने एक, सासरच्या नावाने दुसरी आणि मधल्या नावाच्या आद्याक्षरासह तिसरी अशा नोंदी ब्रोकरांकडे सहज सापडतात. त्यामुळे पूर्वीची नावे, जुने पिन कोड आणि विस्मरणात गेलेले ईमेल आठवून आठवून भरावेत. विद्यार्थिदशेत घेतलेला आणि आता कोणी उघडत नाही असा ईमेलच बहुधा सर्वाधिक यादींत फिरत असतो. एका ओळखचिन्हाशी अनेक माणसे जुळली तर ब्रोकर नोंद पुसत नाही, फक्त ती विकणे थांबवतो. अनेक घरांत नवरा-बायकोचा एकच ईमेल असतो, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता उणिवेकडे येते. ‘ड्रॉप’च्या नियमांनुसार सरकारी नोंदींतून कायदेशीरपणे उपलब्ध असलेली माहिती पुसण्याचे बंधन ब्रोकरावर नाही. मतदार नोंदी आणि वाहन नोंदणी ही कॅलप्रायव्हसी स्वतःच देत असलेली उदाहरणे आहेत. घराच्या खरेदीखताचाही त्यात विचार करावा लागतो, कारण ते काउंटीच्या दफ्तरात सर्वांसाठी खुले असते. पतमापन, बँकिंग आणि आरोग्य यांची माहिती वेगळ्या संघीय कायद्यांखाली येत असल्यामुळे तीही बाहेर राहते, आणि ज्या दुकानाशी आपण थेट व्यवहार केला त्याच्याकडची माहिती तर या सेवेच्या कक्षेत येतच नाही. या शेवटच्या अपवादांची मला फारशी चिंता वाटत नाही. पहिल्याची वाटते. माणसे शोधून देणारी संकेतस्थळे ज्या पत्त्यावर धंदा करतात तो पत्ता मोठ्या प्रमाणावर सरकारी दफ्तरांतूनच आलेला असतो. म्हणजे जाहिरातदारांना लागणारी सवयींची, खरेदीची आणि ठिकाणांची माहिती ‘ड्रॉप’मुळे पुसली जाईल, पण दाराचा पत्ता उरण्याची शक्यता मोठी आहे. डॅनियल्स लॉने नेमका हाच मुद्दा धरला : पत्ता कुठल्या दफ्तरातून आला याला तिथे महत्त्व नाही, तो काढा म्हटले की काढायचा.

मग कॅलिफोर्नियाने सर्वांसाठी तसेच का केले नाही? याचे उत्तर त्याच राज्याच्या एका जुन्या कायद्याला आलेल्या अनुभवात आहे. निवडून आलेल्या वा नेमलेल्या पदाधिकाऱ्याने लेखी मागणी केल्यास त्याचा घरचा पत्ता ४८ तासांत इंटरनेटवरून काढावा, असा नियम तिथे बऱ्याच आधीपासून होता. जुलै २०१६ मध्ये बंदुकींवरील नव्या निर्बंधांच्या बाजूने मत देणाऱ्या आमदारांचे पत्ते आणि फोन नंबर एका ब्लॉगलेखकाने निषेध म्हणून प्रसिद्ध केले. विधिमंडळाच्या कायदा सल्लागारांनी ते काढायला लावले आणि प्रकरण संघीय न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यायाधीश लॉरेन्स ओ’नील यांनी अंतरिम मनाई दिली : आधीच सार्वजनिक असलेली माहिती राजकीय निषेधासाठी छापणे हे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या संरक्षणात येते, आणि कायद्याचा असा वापर घटनेत बसण्याची शक्यता कमी आहे. त्या लेखकाच्या कृतीबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. पण सरकारने एकदा उघड केलेली गोष्ट नागरिकाने पुन्हा छापली म्हणून त्याला शिक्षा करणे किती अवघड आहे, हे त्या निकालाने दाखवून दिले.

न्यू जर्सीत मात्र नंतर वेगळा निकाल लागला, आणि तो मला अधिक समंजस वाटतो. न्यू ब्रन्सविकचे पत्रकार चार्ली क्रॅटोव्हिल यांना शहराचे पोलीस संचालक दूरच्या केप मे येथे राहतात असे समजले. मोटारीने सुमारे दोन तासांवरच्या गावी राहणारा माणूस शहराचे पोलीस दल कसा सांभाळतो, हा प्रश्न पूर्णपणे रास्त होता. क्रॅटोव्हिल यांनी मतदार नोंदींतून पत्ता रीतसर मिळवला आणि २०२३ साली नगर परिषदेच्या बैठकीत विषय काढला, तेव्हा त्यांच्या हाती डॅनियल्स लॉचा हवाला देणारी नोटीस पडली. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जून २०२५ मधील निकालात न्यायालयाने कायदा उचलून धरला, पण त्याबरोबर हेही स्पष्ट केले की संचालक केप मे गावात राहतात हे छापण्याला आडकाठी नाही. नेमका पत्ता मात्र त्या बातमीसाठी आवश्यक नाही. गाव सांगा, घर सांगू नका, अशी ही रेषा आहे. आधी नोटीस मिळाल्यावर दोन वर्षे झगडून हे ऐकायला मिळणे एखाद्या छोट्या वृत्तपत्राला परवडणारे नाही, हा आक्षेप तरीही उरतोच.

नवे प्रस्ताव तपासताना मी हीच रेषा वापरते. जून २०२५ मध्ये सिनेटर मार्शा ब्लॅकबर्न यांनी मांडलेल्या विधेयकात संघीय अधिकाऱ्याचे नाव कारवाईत अडथळा आणण्याच्या हेतूने प्रसिद्ध करणे हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरवला आहे. अधिकाऱ्याचा घरचा पत्ता खासगी आहे हे मान्य. पण वर्दीत असताना त्याचे नाव खासगी कसे? हेतू सिद्ध करण्याची अट असली, तरी अटक होईपर्यंत हेतू पोलीसच ठरवणार.

त्याच महिन्यात, १४ जून २०२५ रोजी, मिनेसोटा विधानसभेच्या माजी अध्यक्षा मेलिसा हॉर्टमन आणि त्यांच्या पतीची घरात हत्या झाली. राज्याचे सिनेटर जॉन हॉफमन आणि त्यांच्या पत्नीवरही गोळ्या झाडल्या गेल्या. आरोपीच्या वहीत माणसे शोधून देणाऱ्या संकेतस्थळांची यादी होती, असे एफबीआयने न्यायालयात सादर केलेल्या शपथपत्रात नमूद आहे. त्यानंतर अनेक राज्यांनी आमदारांचे पत्ते झाकण्याचे प्रस्ताव आणले. हे संरक्षण सर्व अमेरिकी नागरिकांना मिळावे असे सिनेटर रॉन वायडन यांचे विधेयक मात्र सिनेटमध्ये टेड क्रूझ यांच्या हरकतीवर अडले. संसद सदस्यांचे पत्ते झाकण्यासाठी याआधी प्रयत्न करणाऱ्यांत स्वतः क्रूझ होते, हे इथे सांगितलेच पाहिजे. या पार्श्वभूमीवर ‘ड्रॉप’चे मोल कळते. अर्जदाराचा हुद्दा काय, हा प्रश्न इथे विचारला जात नाही.

हुद्द्यावर आधारलेल्या कायद्याची मर्यादा मला घरच्याच उदाहरणातून दिसली. माझी भाची न्यू जर्सीत सरकारी वकील आहे. तिने कायद्यानुसार मागण्या पाठवल्या आणि तिचे नाव शोधले तर आता फारसे काही सापडत नाही. पण माझी बहीण आणि मेहुणे वेगळ्या घरी राहतात, त्यामुळे त्यांना ते संरक्षण लागू होत नाही; आणि त्यांचे नाव शोधले की पत्त्याखाली ‘नातेवाईक’ म्हणून भाचीचे नाव वयासह झळकते. सणासुदीला ती कुठे असते हे कोणीही ओळखावे! खुद्द संघीय न्यायाधीशांचे पत्तेही पूर्ण गुप्त झालेले नाहीत. २०२५ साली अनेक न्यायाधीशांच्या घरी न मागवलेले पिझ्झे पोहोचले, आणि त्यांतल्या काहींवर मागवणाऱ्याचे नाव म्हणून चक्क डॅनियल अँडर्ल, म्हणजे सालास यांच्या मारल्या गेलेल्या मुलाचे नाव, लिहिले होते. तुमचे घर आम्हाला माहीत आहे, हा निरोप त्यातून दिला जात होता.

डॅनियल्स लॉमधून आणखी एक गोष्ट उद्भवली. २०२३ च्या दुरुस्तीने भरपाईचा हक्क दुसऱ्याकडे सोपवण्याची मुभा अधिक पक्की केली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘अ‍ॅटलस’ या कंपनीने सुमारे १९ हजार पोलीस, न्यायाधीश आदींच्या वतीने दीडशेच्या आसपास कंपन्यांवर दावे लावले. संघीय न्यायाधीश हार्वे बार्टल यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये हा कायदा घटनाविरोधी असल्याचा कंपन्यांचा युक्तिवाद फेटाळला, आणि त्याविरुद्ध अपील झाले. दाव्यांच्या या राशीकडे पाहून काहींना तो वकिलांचा धंदा वाटतो. मला वाटते, दंडाची भीती नसेल तर ब्रोकर हलत नाही, हेही तितकेच खरे आहे. पण दंड सरकारी संस्थेने वसूल करावा ही कॅलिफोर्नियाची पद्धत मला अधिक स्वच्छ वाटते.

आता खासगी वर्गणी सेवांबद्दल. ‘ड्रॉप’ येण्याआधी मी अशा एका सेवेचे पैसे भरले होते; तिचे नाव इथे देत नाही. तिचे अहवाल देखणे असत, नोंदी निघतही असत, पण काही महिन्यांनी त्याच पत्त्यासह पुन्हा उगवत. विहिरीतला गाळ काढावा आणि वरून येणारा ओढा तसाच सोडावा, तशातला हा प्रकार होता. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक संस्थेने २०२४ मध्ये अशा सेवांची तुलना केली, तेव्हा स्वतः हाताने अर्ज करून सुमारे ७० टक्के नोंदी निघाल्या. सेवांमध्ये ‘ऑप्टरी’ ६८ टक्क्यांवर आणि वर्षाला वीस डॉलर घेणारी ‘ईझी ऑप्टआउट्स’ ६५ टक्क्यांवर होती. काही सेवा तर दहा टक्क्यांपर्यंतही पोहोचल्या नाहीत. किंमत आणि परिणाम यांचा एकमेकांशी संबंध दिसत नाही, हे त्यातले सर्वांत उपयोगी वाक्य मानावे. शिवाय मार्च २०२४ मध्ये ‘वनरेप’ या सेवेच्या संस्थापकाने स्वतःच माणसे शोधून देणारी डझनावारी संकेतस्थळे काढली होती असे उघड झाले, आणि ‘फायरफॉक्स’ ब्राउझर बनवणाऱ्या ‘मोझिला’ला तिच्याशी भागीदारी संपवण्याचे जाहीर करावे लागले. सरकारी मोफत सेवेत निदान हा हितसंबंधांचा गुंता नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे सारे थोडे दूरचे वाटेल, कारण तिथे कोणाचाही सातबारा मोबाइलवर पाहता येतो आणि निवडणुकीच्या उमेदवाराचा पत्ता व फोन नंबर त्याच्या शपथपत्रात सर्वांसमोर असतो. भारताने २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला. वैयक्तिक माहिती नाकारताना त्या कलमातच व्यापक जनहित तपासण्याची जी अट होती ती काढली गेली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये हा बदल अमलातही आला. तिथे अधिकाऱ्याला आडोसा मिळाला, पण त्या आडोशाची अडचण माहिती विकणाऱ्याला न होता प्रश्न विचारणाऱ्या नागरिकाला झाली. न्यू जर्सीच्या न्यायालयाने केलेला गाव आणि घर यांतला भेद तिथे उपयोगी पडला असता.

‘ड्रॉप’ला मी पाचपैकी साडेतीन गुण देते. दीड गुण सरकारी नोंदींच्या अपवादासाठी कापले आहेत, अर्जासाठी नव्हे. अर्ज करणाऱ्यांनी घरातल्या प्रत्येक व्यक्तीची मागणी स्वतंत्रपणे भरावी, ‘ड्रॉप’ क्रमांक जपून ठेवावा आणि ऑगस्टनंतर ब्रोकरांच्या उत्तरांत ‘अपवाद’ असा शेरा कोणी कोणी मारला आहे ते पाहावे. त्या संकेतस्थळांकडे मग थेट अर्ज करावे लागतील. काउंटीच्या दफ्तरात आपले नाव दिसू नये म्हणून नवे घर ट्रस्टच्या नावावर घेण्याचा सल्ला हल्ली बरेच जण देतात, तोही विचारात घ्यावा. फक्त त्या ट्रस्टला स्वतःचेच आडनाव देऊ नये.